माथाडी कायदा आणि कंत्राटीकरणास विरोध : नवी मुंबईच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कामगार कायद्यांतील लवचिकतेचा वाद १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणापासून सुरू झाला, असे सामान्यतः मानले जाते. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास मात्र त्याची मुळे त्याआधीच्या काळात, मुंबईच्या घाऊक बाजारपेठांत सापडतात. या बाजारपेठा पुढे नवी मुंबईत आल्या व त्यांच्याबरोबर हा वादही आला. प्रस्तुत निबंधात या प्रवासाचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

डोक्यावर व पाठीवर ओझे वाहणारा माथाडी कामगार हा मुख्यत्वे सातारा, पुणे आदी जिल्ह्यांतून मुंबईत आलेला होता. आज एका पेढीचा तर उद्या दुसऱ्या पेढीचा माल उचलणाऱ्या या कामगाराचा मालक कोण, हेच निश्चित नसे. परिणामी आजारपण, अपघात व वार्धक्य यांची जबाबदारी कोणावरच येत नसे. आमदार अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना संघटित केले. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम साकार झाला.

या कायद्याने कामगारास एका मालकाशी जोडले नाही. मालक, कामगार व शासन यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन करून दोघांचीही नोंदणी त्यांच्याकडे केली. मालकाने मजुरी व त्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावी आणि मंडळाने त्यातून वेतन, भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस व भरपगारी रजा द्यावी, अशी ही व्यवस्था होय. काम फिरते राहिले, पण संरक्षण स्थिर झाले. १९८१ चा खाजगी सुरक्षा रक्षक कायदा याच धर्तीवर झाला.

नवी मुंबईतील स्थलांतर व कंत्राटी पद्धती

१९८१ पासून १९९६ पर्यंत कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे व भाजीपाला हे बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशी परिसरात हलविण्यात आले. कोपरखैरणे, घणसोली येथे माथाडींच्या वसाहती उभ्या राहिल्या. याच शहरात ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात व १९९२ मध्ये अस्तित्वात आलेल्या महानगरपालिकेत कंत्राटी कामगारांचा वर्गही होता. त्यास १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचाच आधार होता. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी मूळ आस्थापनेत कामगार आपोआप सामावला जात नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने स्टील ॲथॉरिटी खटल्यात ३० ऑगस्ट २००१ रोजी दिला आणि हा आधार अधिकच क्षीण झाला. 'समान कामास समान वेतन' ही पालिकेच्या कंत्राटी कामगारांची मागणी या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

विरोधाचे स्वरूप

२००३ मध्ये केंद्राने मुदतबंद नोकरीची तरतूद केली. २००७ मध्ये ती मागे घेतली. २०१८ मध्ये पुन्हा आणली. २०२० च्या श्रमसंहितांनी तिला अधिनियमाचे रूप दिले. कामगार संघटनांच्या देशव्यापी संपांनंतरही या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. दरम्यान राज्यात २०२३ चे विधेयक क्रमांक ३४ माथाडी कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी मांडण्यात आले. माथाडींच्या नावाने होणाऱ्या खंडणीखोरीस आळा घालणे, हे त्याचे समर्थन होते. उद्योजकांची ही तक्रार निराधार म्हणता येणार नाही. परंतु व्याख्या बदलून यंत्राच्या साहाय्याने होणारे काम कायद्याबाहेर गेल्यास संरक्षणाचा पायाच ढासळेल, असा संघटनांचा आक्षेप होता. डिसेंबर २०२३ मध्ये माथाडींच्या संपामुळे नवी मुंबईतील बाजार बंद राहिले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, माथाडींचा विरोध लवचिक कामास नव्हता, कारण त्यांचे काम मुळातच लवचिक होते. त्यांचा विरोध जबाबदारी झटकण्यास होता. कायमस्वरूपी नोकरी की कंत्राट, या दोनच पर्यायांत अडकलेल्या चर्चेस १९६९ च्या कायद्याने तिसरा मार्ग दाखविला होता. मात्र त्याच शहरातील सफाई कामगारास वा कारखान्यातील कंत्राटी मजुरास त्याचा लाभ झाला नाही, ही या इतिहासाची अपूर्ण राहिलेली बाजू होय.