रझाकारी, पोलीस ॲक्शन आणि आपला शोधनिबंध



बीदरहून औरादच्या रस्त्याने निघाले की मांजरेच्या खोऱ्यात जनवाडा लागते. या टापूतल्या जुन्या माणसाला वय विचारा. तो सन सांगत नाही. ‘रझाकारीत मी एवढा होतो’ असे म्हणून तो हाताने उंची दाखवतो, किंवा ‘पोलीस ॲक्शनच्या साली माझं लग्न झालं’ असे सांगतो. आपल्या घरांतला काळ या दोन शब्दांनी मोजला जातो. त्यांतल्या पहिल्या शब्दावर आपण तासन्‌तास बोलतो. दुसऱ्या शब्दापाशी मात्र ‘मग पोलीस ॲक्शन झाली आणि सुटलो’ एवढे बोलून थांबतो. आजचे व्याख्यान त्या थांबण्याविषयी आहे.

निमित्त घरातलेच आहे. माझ्या धाकट्या भावाची नात महाविद्यालयात इतिहास शिकते. इतिहासातला एखादा नैतिक प्रश्न घेऊन शोधनिबंध लिहा, असे तिच्या वर्गाला सांगितले होते. तिने हिरोशिमा निवडले. मी म्हटले, ‘बाळ, जपानपर्यंत कशाला जातेस? आपल्या जिल्ह्याचं १९४८ घे की.’ ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘आबा, घेते. पण आधी एक सांगा. माळ्यावरच्या तांब्याच्या घंगाळावर उर्दूत नाव कोरलंय, ते कोणाचं?’

सत्तर वर्षे ते घंगाळ मी पाहत आलो आहे. ‘लिलावात घेतलं’ असे आई सांगत असे. कोणाच्या लिलावात, हे मी कधी विचारले नव्हते.

आधी ठाऊक असलेला भाग. नोव्हेंबर १९४७ मध्ये निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला, तरी संस्थानातली दहशत वाढतच गेली. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकार गावोगाव खंडणी मागत, न दिल्यास लूट आणि जाळपोळ करीत. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. कितीतरी कुटुंबे रातोरात सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेली. मे १९४८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या गोरटा गावात कत्तल झाली. ऑगस्टमध्ये खुद्द हैदराबाद शहरात ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. रझाकारीविरुद्ध आणि भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले, एवढाच त्यांचा अपराध. रझाकारीचा बळी झालेला हा माणूस मुसलमान होता, ही गोष्ट निबंधात पहिल्याच पानावर यायला हवी. ती आली की ‘आपण’ आणि ‘ते’ ही सोपी विभागणी तिथेच अडते.

आता आपण थांबतो त्याच्या पुढचा भाग. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला शरणागती झाली. पुढच्या काही आठवड्यांत अनेक गावांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या, घरे-दुकाने लुटली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. या बातम्या दिल्लीला पोहोचल्यावर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवण्यात आले. नोव्हेंबरच्या अखेरीपासून सुमारे तीन आठवडे ते फिरले. संस्थानाच्या १६ जिल्ह्यांपैकी ९ जिल्ह्यांत ते गेले आणि जिथे जाता आले नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोलले. मृतांची संख्या २७ हजार ते ४० हजार असावी, असा अंदाज त्यांनी मांडला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळले, असेही नोंदवले. सैन्याच्या एकूण शिस्तीबद्दल त्यांनी चांगले लिहिले, पण काही ठिकाणी सैनिकांचा सहभाग होता हेही लिहिले. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकात तो छापून आला, तोवर प्रत्यक्ष पाहणारी बहुतेक पिढी निघून गेली होती.

या चार जिल्ह्यांच्या यादीत बीदर आहे. म्हणून हा प्रश्न दिल्लीच्या दप्तराचा नाही, आपल्या गल्लीचा आहे.

मुलीने पहिला मसुदा आणला. त्यात ‘रझाकारांनी अत्याचार केले, त्यामुळे नंतर प्रतिक्रिया उमटली’ असे वाक्य होते. मी तिला ‘त्यामुळे’ हा शब्द तपासायला सांगितला. कारण सांगणे हे इतिहासकाराचे काम आहे आणि समर्थन करणे नाही, पण मराठीत दोन्ही कामे ‘त्यामुळे’ या एकाच शब्दावर भागतात. खंडणी मागणारा रझाकार एक आणि सप्टेंबरनंतर मारला गेलेला विणकर किंवा शेतमजूर दुसराच, असे असेल तर ‘प्रतिक्रिया’ हा शब्द खरा ठरत नाही. ज्याने केले त्याला आणि ज्याने सोसले त्याला वेगवेगळे ओळखणे, ही या निबंधाची पहिली नैतिक अट आहे.

दुसरी अट आकड्यांची. गोरट्यात दोनशेहून अधिक माणसे मारली गेली असे सांगतात. हा आकडा गावाच्या स्मरणातला आहे. सुंदरलाल समितीचा आकडा हा अंदाज आहे. दोन्हींपैकी एकही शिरगणतीचा नाही. पण आपण पहिला आकडा ऐकून मान डोलावतो आणि दुसरा ऐकला की ‘पुरावा काय?’ असे विचारतो. पुरावा अवश्य मागावा, पण दोन्हीकडे एकाच मापाने मागावा. निबंधात आकड्याशेजारी तो कोणी, केव्हा आणि कशावरून सांगितला हे लिहिले की वाचक स्वतः तोलू शकतो.

तिसरी अट नावांची. ज्यांनी राज्य चालवले, फौज हाकली, वर्तमानपत्र चालवले, त्यांची नावे द्यावीत. पण एका गावातल्या एका घराने दुसऱ्याचे शेत बळकावले, असे कोणी ऐंशीव्या वर्षी डोळे मिटून सांगितले, तर ते नाव छापावे का? दोन्ही घरांची नातवंडे आज त्याच शाळेत, त्याच बाजारात आहेत. मी मुलीला सांगितले, नाव वहीत ठेव, निबंधात गावही मोघम कर, पण घटना गाळू नकोस. स्त्रियांच्या बाबतीत तर अधिक जपावे. विहिरी जवळ केलेल्या बायकांविषयी गावात कुजबुज असते. तिथे खोदून विचारणे हाही एक अत्याचारच. बाई स्वतः होऊन बोलली तर ऐकावे, तिने ‘पुरे’ म्हटले की वही मिटावी.

चौथी अट भाषांची. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाला तीन भाषा आणि मोडी लिपी लागते. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले, देशपांडे-कुलकर्ण्यांची जुनी दप्तरे मोडीत आहेत, आजचे सरकारी कागद कन्नडात आहेत आणि घरातली आठवण मराठीत आहे. शिवाय १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा तिघांत वाटला गेला. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मराठी मुलखाकडे गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्राकडे, उरलेला भाग आपल्याकडे राहिला. याच जुन्या जिल्ह्यातल्या निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, फारसी या सगळ्या भाषांतून वाचत. नुसते मराठी वाचून लिहिणारा नकळत आपल्याच बाजूचा साक्षीदार होतो. म्हणून मुलीला मी आधी उर्दू वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकाकडे पाठवले. त्यांनी लिपीही शिकवली आणि स्वतःच्या आजीची हकीकतही सांगितली. ती हकीकत आमच्यापासून दोन गल्ल्यांवर घडली होती. मी ती पहिल्यांदाच ऐकली.

एक मोहही सांगून ठेवतो. त्याच अहवालात काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, त्यासाठी जीवही गमावले, अशी नोंद आहे. अशा गोष्टी आपल्याही घरांत सांगतात आणि त्या खऱ्या आहेत, तेव्हा लिहाव्यात. मात्र बाकीचे झाकायला पांघरूण म्हणून त्या वापरू नयेत. वाचवणाऱ्याचे मोठेपण तो कशापासून वाचवत होता, हे सांगितल्यावाचून कळत नाही.

तुम्ही विचाराल, पंचाहत्तर वर्षांनी हे उकरायचे कशाला? मराठवाड्यात आणि इकडेही १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो. तो दिवस आपल्या मुक्तीचा आहे आणि त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण आपल्याच गावात त्या दिवशी दार लावून घेणारी घरे होती, हे नाकारून तो दिवस मोठा होत नाही. ज्या घराने रझाकारी सोसली, त्याला दुसऱ्याचे सोसणे इतरांपेक्षा लवकर कळायला हवे.

तेव्हा तीन विनंत्या. माळ्यावरचे उर्दू आणि मोडी कागद रद्दीत देऊ नका. घरात कोणी ते दिवस पाहिलेले असेल, तर त्यांचे बोलणे तारीख घालून उतरवून घ्या, ‘सुटलो’च्या पुढचेही. आणि मुले अवघड प्रश्न विचारतील तेव्हा त्यांना गप्प करू नका.

घंगाळावरचे नाव शिक्षकांनी वाचून दिले. ते नाव मी इथे सांगणार नाही. त्या नावाचे घर आता गावात नाही. मुलीने निबंधाच्या शेवटी नोंद केली : ‘वस्तू लिलावात घेतली असे कुटुंब सांगते. लिलावाचा कागद सापडला नाही. वस्तू कशी आली ते ठरवता येत नाही.’ छापण्याआधी तिने ती नोंद मला दाखवली आणि विचारले, ‘आबा, ठेवू का काढू?’

मी म्हटले, ‘ठेव.’