पडदा, पदर आणि बुरखा

'पडदा' हा शब्द फारसीतून आला, पण मराठीत इतका मुरला की त्याचे मूळ कुणाच्या ध्यानीही येत नाही. नाटकाचा पडदा, खिडकीचा पडदा, कानाचा पडदा. स्त्रीला झाकून ठेवण्याच्या रिवाजालाही याच शब्दाने नाव दिले. आज हा रिवाज म्हटला की डोळ्यांपुढे मुसलमान स्त्रीच उभी केली जाते. वर्ध्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

वर्ध्याचे जमनालाल बजाज मारवाडी कुटुंबातले. त्यांच्या पत्नी जानकीदेवी घुंघट घेत. गांधीविचारांच्या प्रभावातून त्यांनी पडदा सोडला आणि इतर स्त्रियांनाही तो सोडायला सांगितले. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. वर्ध्यातला हा लढा एका हिंदू घरातला होता आणि त्यातला शब्द फारसी होता.

'हिजाब' या अरबी शब्दाचाही मूळ अर्थ आड किंवा पडदा असाच आहे. कुरआनच्या सूरह अहजाबमधील ५३ व्या आयतीत तो मध्ये असलेल्या पडद्यासाठी येतो. डोक्यावरच्या वस्त्रासाठी सूरह नूरच्या ३१ व्या आयतीत 'खिमार'चे अनेकवचन आले आहे. डोक्याच्या रुमालाला हिजाब म्हणणे पुढे रूढ झाले. २०२२ साली कर्नाटकातल्या महाविद्यालयीन मुलींचा वाद उच्च न्यायालयात गेला, तो या रुमालाचा होता. त्याला बुरखा म्हणणे ही केवळ शब्दाची चूक नव्हे. त्यातून त्या मुलीचा चेहराच पुसला जातो.

आपल्या मराठीचाही थोडा हिशेब घेऊ. टोपी घालणे म्हणजे फसवणे. तरी गांधी टोपी स्वातंत्र्यलढ्याची खूण झाली. पदरात घेणे म्हणजे आसरा देणे. बुरखा फाडणे म्हणजे ढोंग उघडे पाडणे. पदराला भाषेने माया दिली, बुरख्याच्या वाट्याला संशय आला. वास्तविक विदर्भातल्या खेड्यांत कित्येक मुसलमान आज्या साडीचा पदरच डोक्यावरून घेतात, शेजारच्या हिंदू आजीसारखाच.

'ढोंगाचा बुरखा' आपणही सहज लिहून जातो. जानकीदेवींनी पडदा सोडला तो स्वतःच्या निश्चयाने. कुणी रुमाल बांधावा की सोडावा, हा निश्चयही तिचाच असायला हवा. लिहिणाऱ्यांनी निदान तिच्या वस्त्राचे नाव नीट घ्यावे.