समूह-यादृच्छिक चाचणी

वैद्यकीय संशोधनातील एक चाचणीपद्धती. एखादी लस, तपासणी अथवा सेवा कोणास द्यावयाची व कोणास नाही, याचा निर्णय जेथे व्यक्तीगणिक चिठ्ठी टाकून न करता संपूर्ण गाव, वस्ती अथवा आरोग्यकेंद्राचा इलाखा हे एकक धरून चिठ्ठीने केला जातो, त्या चाचणीस ही संज्ञा लावतात. परिचारिकेने एका घरी जावे आणि भिंतीला भिंत लागून असलेले दुसरे घर वगळावे, ही तजवीज कागदावर कितीही शास्त्रशुद्ध दिसली तरी खेड्यात ती चार दिवसही टिकत नाही. म्हणून आपल्याकडील सार्वजनिक आरोग्याच्या अनेक चाचण्यांत गाव अथवा वस्ती हेच एकक ठरत आले आहे.

तुलनेची कल्पना मुंबई इलाख्यास जुनीच आहे. प्लेगच्या साथीत सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस टोचली, आणि 1898 मध्ये बडोदे संस्थानातील उंधेरा गावी प्रत्येक कुटुंबाचे शक्य तितके समान दोन भाग करून एकास लस दिली व दुसऱ्यास दिली नाही. लस घेतलेल्या 71 जणांत 3 मृत्यू झाले, न घेतलेल्या 64 जणांत 26. फरक इतका ढळढळीत असल्यावर सांख्यिकी प्रतिमानाची गरज भासत नाही. ती भासते फरक सूक्ष्म असतो तेव्हा. यादृच्छिक वाटणीचे शास्त्र मात्र पुढे रॉनल्ड फिशर यांनी रॉथॅमस्टेडच्या शेतावर घडविले, आणि रुग्णालयात ते 1948 च्या स्ट्रेप्टोमायसिन चाचणीने रुजले.

या शास्त्राचा मूळ जन्म शेतातला असल्याने त्यातील मुख्य अडचणही शेतकऱ्यास चटकन उमगते. केळीच्या मृगबागेतील घड वेगळ्या हंगामात लावलेल्या कांदेबागेतील घडांशी तोलून एखाद्या खताचा गुण सांगू पाहणाऱ्याचे खानदेशातील फैजपूरच्या बाजारात कोणी ऐकून घेणार नाही. त्याचप्रमाणे एकाच मळ्यातील हजार खोडे, त्यांची जमीन, पाणी आणि मशागत एकच असल्यामुळे, हजार स्वतंत्र साक्षीदार ठरत नाहीत. गावातील माणसांचेही असेच आहे. या आपसांतील सारखेपणाचे माप म्हणजे समूहान्तर्गत सहसंबंध, आणि त्यावरून निघणारा गुणक असा : समूहातील माणसांच्या सरासरी संख्येतून एक वजा करून त्या सहसंबंधाने गुणावे व त्यात एक मिळवावा. समूह 2,500 माणसांचा असून सहसंबंध केवळ 0.001 असला, तरी हा गुणक सुमारे 3.5 येतो, म्हणजे लाख माणसांची नोंद करूनही पुरावा मिळतो तो सुमारे साडेअठ्ठावीस हजारांचा. हा गुणक विसरून केलेल्या हिशेबात निष्कर्ष वाजवीपेक्षा ठाम दिसतात, आणि तसे हिशेब आजही छापले जातात.

महाराष्ट्रातील या पद्धतीचा सर्वांत बोधप्रद दाखला उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीचा होय. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती 1999 मध्ये हाती घेतली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांची खेडी 52 समूहांत बसवून त्यांची चार गटांत वाटणी केली : एका गटास या कर्करोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यास पेशीतपासणी, तिसऱ्यास ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, चौथ्यास, म्हणजे तुलनागटास, नेहमीचीच सेवा. तपासणी एकदाच करून पुढे आठ वर्षे पाठपुरावा केला, आणि निष्कर्ष 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या दीर्घ काळात कोणी गाव सोडून जाते, कोणी अन्य आजाराने दगावते, आणि तरीही प्रत्येकीचा तोवरचा काळ हिशेबात धरावयाचा असतो. अशा प्रसंगी डेव्हिड कॉक्स यांनी 1972 मध्ये मांडलेले प्रतिमान उपयोगी पडते. मूळ धोका काळागणिक कसाही बदलो, दोन गटांतील धोक्यांचे गुणोत्तर स्थिर राहते, एवढेच ते गृहीत धरते.

मृत्यूच्या बाबतीत तुलनागटाशी हे गुणोत्तर विषाणुतपासणीच्या गटात 0.52 आले व त्याचे 95 टक्के विश्वासांतर 0.33 ते 0.83 होते; डोळ्यांनी पाहणी करण्याच्या गटात ते 0.86 आले, अंतर 0.60 ते 1.25. दुसऱ्या अंतरात 1 हा, म्हणजे फरक नसल्याचा, अंक सामावतो म्हणून ती पाहणी निरुपयोगी ठरली, असे अनेकांनी सांगितले. वाचनाची ही रीत सदोष आहे. ज्या अंतरात चाळीस टक्के लाभही बसतो आणि पाव हिस्सा हानीही बसते, ते ‘लाभ नाही’ असे म्हणत नसून निर्णय देण्याचे नाकारीत असते. टाटा केंद्रानेच मुंबईच्या वस्त्यांतील 20 समूहांत केलेल्या चाचणीत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तीच पाहणी केली असता मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. या घटीचे 0.69 हे गुणोत्तर उस्मानाबादच्या अंतरात सुखेनैव बसते. दोन चाचण्यांत विरोध मानण्याचे कारण नाही.

चिठ्ठी न टाकताही गावांची तुलना करता येते. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी 39 गावांत नवजात अर्भकांची घरोघर शुश्रूषा योजून 47 गावांशी तुलना केली आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नवजात अर्भकांच्या मृत्यूत सुमारे 62 टक्के घट नोंदविली. यादृच्छिकता नसेल तेथे दोन्ही गटांची पूर्वस्थिती हिशेबात धरावीच लागते.

उस्मानाबादच्या तुलनागटातील 31,488 स्त्रियांपैकी 64 जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरण पावल्या, तर विषाणुतपासणीच्या 34,126 स्त्रियांपैकी 34. तपासणीचा गुण परदेशी आधीच ठाऊक असता एका गटास तिच्याविना ठेवणे न्याय्य होते काय, हा आक्षेप गंभीर आहे. कोणतेही प्रतिमान त्याचे उत्तर देऊ शकत नाही. केंद्र शासनाने 2016 मध्ये 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी डोळ्यांनी पाहणी करण्याचे धोरण ठरविले. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 पासून विषाणूच्या तपासणीस अग्रक्रम दिला आहे.