पडलेल्या पानांचा हिशेब

पत्ते मोजण्याची विद्या अमेरिकेतल्या कॅसिनोंत जन्मली, असे सर्रास मानले जाते. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाचे 'बीट द डीलर' १९६२ साली आले आणि ब्लॅकजॅकमध्ये जुगारघरावर मात करण्याची रीत जगजाहीर झाली, हे खरेच. पण पडलेल्या पानांवरून उरलेल्यांचा अदमास घेणे आपल्याकडे फार जुने आहे. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात सापडते. सावंतवाडीत आजही रंगवला जाणारा दशावतारी गंजिफा १२० पानांचा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. तिघांत पाने वाटली की प्रत्येकाच्या हाती ४० येतात, शिल्लक काही राहत नाही. राजा पडला की प्रधान त्या रंगात सर्वांत मोठा; तोही गेला की त्याखालचे पान. दहाही रंगांचा हा उतरता क्रम डोक्यात ठेवल्याशिवाय गंजिफा खेळताच येत नाही.

यावर आक्षेप येईल की ही नुसती स्मरणशक्ती, ब्लॅकजॅकचे ते गणित. 'हाय-लो' पद्धतीत एकही पान लक्षात ठेवावे लागत नाही: दुर्री ते छक्की गेली की एक मिळवायचा, दश्शी, चित्रे आणि एक्का गेला की एक वजा करायचा, सत्ती ते नव्वी सोडून द्यायची, आणि आलेल्या बेरजेला उरलेल्या जोडांच्या संख्येने भागायचे. प्रगत पद्धतींत पानांना अधिक बारीक भार देतात, काहींत एक्के वेगळे मोजतात. आक्षेपात तथ्य आहे, आणि पान किती अनुकूल आहे त्यावर पैज लहानमोठी करण्याचे माप थॉर्पने ब्लॅकजॅकमध्ये वापरले, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण दोन्हींचा पाया एकच: गेलेले पान त्या डावात परतत नाही, म्हणून उरलेल्या पानांचे बळ बदलते. महाराष्ट्रात खेळला जाणारा मेंढीकोट घ्या. किती दश्श्या आणि किती हुकूम उतरले, हे विसरणारा भिडू जोडीदारालाही बुडवतो.

पत्ते म्हणजे नशीब, हा दुसरा आक्षेप सर्वोच्च न्यायालयानेच १९६७ साली रमीच्या खटल्यात खोडून काढला. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, म्हणून रमीत मुख्यतः कौशल्य आहे, असे न्यायालय म्हणाले. तीन पानांचा खेळ मात्र त्याने निव्वळ नशिबाचाच ठरवला.