इंदापूरचं दप्तर : उत्तराआधी प्रश्न वाचावा



आज एका तालुक्याचा इतिहास बघू. यात राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातला इंदापूर तालुका, एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा, आणि दोघींचा संगम नीरा नरसिंहपूरला. दोन नद्या असूनही पाऊस बेभरवशाचा. हाच तालुका का घेतला? तर सरकारी दप्तरात त्याच्याइतकी वारंवार चौकशी झालेले तालुके थोडेच सापडतील.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, इतिहासात मी उशिरा आलेला पाहुणा. पण येताना एक सवय बरोबर आणली. कॉलिंगवूड म्हणून इंग्रज तत्त्वज्ञ होता, स्वतः उत्खननंही करायचा. त्याचं म्हणणं असं की, कुठलंही विधान हे कशाचं तरी उत्तर असतं. तो प्रश्न कळल्याशिवाय विधान कळत नाही. दप्तरखान्यात बसल्यावर मला हे फार उपयोगी पडलं. दप्तर उत्तरं जपून ठेवतं. प्रश्न आपल्याला शोधावा लागतो.

आता इंदापूरला चला. 1818 मध्ये पेशवाई गेली. कंपनी सरकारला पहिला प्रश्न पडला तो साऱ्याचा. रॉबर्ट प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी 1824 ते 1828 या काळात पुणे भागाची पाहणी करत होता. इंग्लंडमधल्या कंपनीच्या कॉलेजात तो अर्थशास्त्र शिकून आला होता. त्याचा प्रश्न असा : शेताच्या उत्पन्नातून सगळा खर्च वजा जाता निव्वळ किती उरतं? त्यातले 55 टक्के सरकारचे. कागदावर हे अगदी नेमकं दिसतं. पण बियाणं किती, बैलाचा खर्च किती, मजुरी किती, हे सांगणार कोण? गावोगावचे हाताखालचे लोक. त्यांनी पैसे खाऊन आकडे लिहिले. नव्या आकारणीनं इंदापुरात शेतकरी बेजार झाले, जमिनी पडीक पडल्या, कित्येक कुटुंबं शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. म्हणजे बघा, प्रिंगलच्या तक्त्यात आकडा आहे, पण त्या आकड्याखालचं शेत ओस आहे!

मग 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट आले. एक मुलकी अधिकारी, दुसरा लष्करातला इंजिनिअर. त्यांनी प्रश्नच बदलला. निव्वळ नफा मोजायचा नाद सोडला आणि एवढंच विचारलं : ही जमीन दुसरीच्या मानानं किती आण्यांची? माती काळी, तांबडी की हलकी, खोली किती हात, चुनखडी आहे का, उतार आहे का. उत्तम जमीन 16 आणे, आणि तिथून प्रत उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत. 33 फुटांची साखळी, 40 गुंठ्यांचा एकर, प्रत्येक शेताला नंबर. सारा कमी केला आणि 1836 पासून 30 वर्षांसाठी कायम ठेवला. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली. हीच पद्धत पुढं मुंबई इलाखाभर गेली. तुमच्या सातबाऱ्यावर सर्व्हे नंबर असेल, किंवा एकत्रीकरणानंतरचा गट नंबर असेल, तर त्याचं मूळ या इंदापूरच्या साखळीपर्यंत जातं.

पण प्रश्न बदलला तरी तो जमिनीचाच राहिला. माणूस दप्तरात आला तो खातेदार म्हणून. ज्याच्या नावावर खातं नाही, तो सालगडी, ती खुरपायला जाणारी बाई, त्यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची? रकानाच नव्हता.

30 वर्षं सरली. मधल्या काळात रेल्वे आली होती, अमेरिकेतल्या यादवीमुळं कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीकडं बघून 1867 मध्ये इंदापूरचा सारा जवळजवळ दीडपट केला. तेजी ओसरली, सारा मात्र तसाच. शेतकरी सावकाराच्या दारात. आणि 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात भडका उडाला. सुपे तेव्हा शेजारच्या भीमथडी तालुक्यात, आज बारामतीत. लोण इंदापूरपर्यंत आलं.

इथं थोडं थांबू या. लोकांनी मागितलं काय? धान्य नाही, दागिने नाहीत. कर्जरोखे, हुकूमनामे, खतं! ती हाती आली की जाळायची. माणसांना मारहाण तशी कमीच झाली. ज्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं, त्यांना कागदाची ताकद आपल्यापेक्षा जास्त कळली होती. आपण आज ज्या कागदांना साधनं म्हणतो, त्यांच्यासाठी ते फास होते.

सरकारनं चौकशी आयोग नेमला, 1876 मध्ये अहवाल आला. त्याचा मुख्य प्रश्न होता : सावकार आणि कुणबी यांच्यात काय बिघडलं? साहजिकच बोट सावकाराकडं गेलं आणि 1879 चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. पण आयोगातल्याच ऑकलंड कॉल्विन या सदस्यानं वेगळं मत नोंदवलं, की वाढवलेल्या साऱ्याचाही यात हात आहे. सरकारनं सावकाराबद्दल विचारलं, कॉल्विननं सरकारबद्दल विचारलं. साक्षीपुरावे तेच, निष्कर्ष निराळे. आणि गंमत म्हणजे दंगा व्हायच्या आधीच, 1874 मध्ये, सरकारनं साऱ्याच्या वाढीवर मर्यादा घातली होती : तालुक्याला 33 टक्के, गावाला 66, एका खात्याला 100. आपलं काही चुकलंय, याची ही कबुलीच नव्हे का?

मग दप्तर खोटं म्हणायचं का? मुळीच नाही. दप्तर नसतं तर ओस पडलेली गावंही आपल्याला कळली नसती. फक्त ते साक्षीदारासारखं वाचावं. साक्षीदार विचारलं तेवढंच सांगतो, म्हणून कुणी विचारलं आणि कशासाठी, हे आधी बघायचं.

शेवटची गोष्ट. उजनी धरणाच्या पाण्याखाली इंदापूरची बरीच काळी जमीन गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक बघायला जातात. देवळाभोवतीची शेतं वर आली तरी ओळखू येत नाहीत, बांधच राहिले नाहीत. त्या मातीची खोली आणि प्रत कधीकाळी कुणीतरी हातानं मोजून लिहिली होती. पण तिथं कोण राबलं, हे विचारायचं राहून गेलं. तुमच्या गावात ते सांगणारं कुणी म्हातारं माणूस अजून असेल. सातबारा उद्याही मिळेल. त्या माणसाकडं आधी जा.