वाळ्याच्या ताटीपासून ग्राफिक्स कार्डापर्यंत

१/ मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीत पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा दुपारी खेळ ऐन रंगात असताना संगणकाचे पंखे घोंघावू लागतात आणि पडद्यावरील चित्र अडखळते. दोष कार्डाचा की हवेचा?

२/ १९९६ च्या व्हूडू ग्राफिक्स कार्डावर पंखा नव्हता. २००३ च्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा मात्र इतका गोंगाट करी की, खुद्द एनव्हिडियानेच त्यावर विनोदी चित्रफीत काढली. वेगाबरोबर विजेची भूक वाढली होती; आणि कार्डात शिरलेली जवळजवळ सारी वीज अखेर उष्णताच होते.

३/ पंखा ही उष्णता नष्ट करीत नाही, खोलीतील हवेच्या हवाली करतो. म्हणून ३० अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारे कार्ड, भार आणि पंख्याचा वेग तोच राहिल्यास, ४२ अंशांच्या खोलीत ८२ च्या आसपास जाते. मर्यादा गाठताच ते स्वतःचा वेग उतरवते.

४/ मग हवाच थंड करावी! ही युक्ती जुनी आहे. ‘आईन-इ-अकबरी’त पाणी शिंपडलेल्या वाळ्याच्या खोल्यांचा उल्लेख सापडतो. विदर्भातील कूलर त्याच तत्त्वावर चालतो: पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते. कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो. पावसाळा लागला की निष्प्रभ ठरतो.

५/ हाच नियम विजेच्या उगमापाशीही भेटतो. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग शीतकरण मनोऱ्यांतून वाफेसह बाहेर पडतो. त्यासाठी लागणारे पाणी इरई धरणाचे. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटले आणि संच बंद ठेवावे लागले.

६/ म्हणून उष्णता बाहेर काढण्याआधी ती कमी निर्माण करणे शहाणपणाचे. फ्रेमची संख्या आणि कार्डाची वीजमर्यादा थोडी खाली आणा, धूळ झाडा, कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका. कूलर लावला तर खिडकी किंचित उघडी ठेवा. त्याचा ओला झोत मात्र संगणकावर नको.

७/ वाळ्याची ताटी असो, मनोरा असो वा कार्डावरचा पंखा, उष्णता केवळ जागा बदलते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तिला जाण्यासाठी थंड जागाच फार थोडी उरते.