‘नंतर’ नावाचं बटण

२०१७ सालची दिवाळी तोंडावर आली होती. पावत्या छापायला म्हणून आमच्या शहापुरातल्या महिला मंडळाचा संगणक उघडला, तर पडद्यावर नेहमीचं चित्र नाही. लाल पाटी, खाली इंग्रजी मजकूर. अर्थ एवढाच की तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलंय, किल्ली हवी तर पैसे भरा.

त्या संगणकात मंडळाच्या नऊ वर्षांच्या पावत्या होत्या. त्यांचं फारसं दुःख नव्हतं, पावतीबुकं कपाटात होतीच. पण त्यातच ४३ म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी होत्या. आम्ही चौघीजणी घरोघरी फिरून त्या लिहून घेतल्या होत्या. लग्न होऊन बेळगावात कशा आल्या, अक्षरं कुठं शिकल्या, सीमेच्या चळवळीत घरचा कर्ता तुरुंगात गेला तेव्हा चूल कशी पेटती ठेवली, हे सगळं त्यात होतं. त्यातल्या अकराजणी तोवर देवाघरी गेल्या होत्या.

दुरुस्तीला आलेल्या मुलाने जरा वेळ खटपट केली आणि विचारलं, “ताई, ह्याचं अपडेट कुणी बंद केलंय? हा ज्या भोकातून आत आला, ते बुजवणारं अपडेट कधीच आलेलं की!”

मी गप्प बसले. कारण बंद करायला मीच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी वार्षिक अहवाल टाईप करताना पडद्यावर चौकट आली होती – आता सुरू करू की नंतर? मी चारदा ‘नंतर’ दाबलं. पाचव्यांदा चहा ठेवायला उठले, तेवढ्यात संगणक आपला आपणच बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि न साठवलेली दोन पानं गेली. रागाच्या भरात मी दुकानदाराला म्हटलं, “हे कायमचं बंद करून टाका बघू.” त्याने केलं. दोन पानांच्या रागापायी ४३ बायका गेल्या, असा हिशोब झाला.

तेव्हापासून ह्या अपडेटचा इतिहास समजून घ्यायची मला ओढ लागली. घरातच तीन तऱ्हा होत्या. माझ्याकडं विंडोज, पुण्याच्या लेकीकडं मॅक आणि बेंगळुरूच्या भाच्याकडं लिनक्स. तिघांनाही एकच प्रश्न विचारला, तीन उत्तरं मिळाली. ती तीन उत्तरं म्हणजेच हा इतिहास.

आधी जुना काळ. पूर्वी संगणकाची सिस्टीम कुकरसारखी विकत घ्यायची वस्तू होती. एकदा घेतली की घेतली. विंडोज ९५ काहींनी सीडीवर घेतली, काहींनी फ्लॉपीवर, आणि फ्लॉपीवर घेतली तर १३ फ्लॉप्या एकामागून एक घालाव्या लागत. त्यात पुढं काही चूक सापडली, तर कंपनी बऱ्याच दुरुस्त्या एकत्र बांधून ‘सर्व्हिस पॅक’ काढायची. तो कधी सीडीवर, कधी कुणी डाऊनलोड करून दिला तर मिळायचा. कुकरच्या झाकणाचं रबर बदलावं, तसंच. रबर नाही बदललं तर आपल्याच घरात वाफ जायची, शेजारणीचं काही बिघडत नव्हतं.

इंटरनेट आलं आणि हे बदललं. आता माझ्या कुकरची वाफ शेजारणीच्या घरात जाऊ लागली. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा व्हायरस जगभर पसरला. तो कुणाच्या क्लिकची वाट बघत नव्हता. ज्या संगणकाला दुरुस्ती लावलेली नाही तो शोधायचा, आत शिरायचा आणि तिथून पुढच्याला धरायचा. दुरुस्ती मात्र जुलैतच निघालेली होती. म्हणजे औषध होतं, घेतलं कुणी नव्हतं. माझ्यासारख्या ‘नंतर’वाल्या जगभर होत्या.

तोवर मायक्रोसॉफ्टची रीत अशी होती की १९९८ च्या विंडोजबरोबर आलेल्या ‘विंडोज अपडेट’कडं आपण होऊन जायचं. ब्लास्टरच्या तडाख्यानंतर २००३ च्या ऑक्टोबरपासून त्यांनी दर महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवला. अमेरिकेत सकाळ असते तेव्हा आपल्याकडं मंगळवारची रात्र झालेली असते. वार ठरवण्यामागं कारण मोठ्या ऑफिसांचं होतं. रोज एक दुरुस्ती आली तर हजार संगणक सांभाळणारा माणूस वेडा होईल. महिन्याचा एक दिवस ठरला की तो तयारीत राहतो. २००४ साली एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. त्याने घराचं दार आतून लावूनच दिलं, म्हणजे फायरवॉल आपोआप चालू ठेवली, आणि अपडेट आपोआप घ्यायचा आग्रह धरला.

मग सारखं बंद करून चालू करायला का लावतात? भाच्याने सांगितलेलं उदाहरण मला पटलं. “मावशी, गॅसवर कढई चढलेली असताना तू ती कढई बदलशील का? विंडोजमध्ये जी फाईल वापरात असते तिला कुलूप असतं. गॅस बंद केल्याशिवाय कढई बदलता येत नाही.” शिवाय मायक्रोसॉफ्ट सिस्टीम बनवते आणि संगणक दुसऱ्याच शेकडो कंपन्या बनवतात. कुणाचा प्रिंटर कुठला, कुणाचा स्क्रीन कुठला, सगळ्यांना एकच दुरुस्ती चालली पाहिजे. लग्नाच्या पंगतीत एकच भाजी सगळ्यांच्या पथ्याला चालावी, तशी ही कसरत.

२०१५ साली विंडोज १० आली तेव्हा त्यांनी घरच्या वापराच्या आवृत्तीतून ‘नको’ म्हणायची सोयच काढून टाकली. लोकांनी भरपूर ओरड केली. पुढं काही आठवडे थांबवून ठेवायची मुभा मिळाली. ओरडणाऱ्यांत मी नव्हते. आगीत हात भाजलेली बाई चिमटा का दिला म्हणून भांडत नाही.

आता लेकीचं मॅक. तिला विचारलं तर म्हणाली, “आई, मला तर काही कळतच नाही. रात्री लावून झोपते, सकाळी झालेलं असतं.” असं का होतं? ॲपल संगणकही स्वतः बनवते आणि सिस्टीमही स्वतःच. मोजकी मॉडेलं, ती सगळी घरचीच. सासरी नांदणाऱ्या सुनेला दहा जणांची चव सांभाळावी लागते, वेगळं बिऱ्हाड केलेलीला दोघांचीच. पण ह्या वेगळ्या बिऱ्हाडाचा खर्चही वेगळा होता. २००१ साली मॅक ओएस टेन आली ती १२९ डॉलरला. २००७ सालच्या नव्या आवृत्तीलाही तेवढेच डॉलर मोजावे लागत. २००९ मध्ये किंमत २९ डॉलरवर आली आणि २०१३ च्या ऑक्टोबरात फुकट झाली. फुकट झाली म्हणजे पैसे दुसरीकडून, संगणकाच्याच किमतीतून वसूल व्हायला लागले. शिवाय ॲपलचं संगणक जुना झाला की नवी आवृत्ती त्याला देत नाहीत. मायक्रोसॉफ्ट निदान अमुक तारखेला आधार बंद म्हणून वर्षानुवर्षं आधी जाहीर करते. एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. ॲपलकडं अशी तारीख टांगायची पद्धत नाही. पानात काही पडेनासं झालं की समजायचं, पंगत उठली.

भाच्याचं लिनक्स ह्या दोघांहून निराळं. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला आणि जगाला उघडा करून दिला. त्या गाभ्याभोवती वेगवेगळ्या लोकांनी आपापली घरं बांधली. त्यातलं एक डेबियन, १९९३ सालचं. इअन मर्डॉक ह्या तरुणाने ते सुरू केलं आणि नाव ठेवताना आपल्या मैत्रिणीचं, डेब्राचं, नाव आधी घेतलं, मागून स्वतःचं. मला हे फार आवडलं. आपल्याकडं दुकानाच्या पाटीवर ‘अँड सन्स’ दिसतं, बाईचं नाव कुठं दिसतं?

डेबियनने १९९९ च्या आवृत्तीत एपीटी नावाचं साधन दिलं. इतिहास इथं खरा वळला असं मला वाटतं. विंडोजवर तेव्हा सिस्टीमची दुरुस्ती एकीकडून, फोटोच्या प्रोग्रामची दुसरीकडून, फाँटची तिसरीकडून, अशी दहा दारं हिंडावी लागत. एपीटीने सगळ्यांचं एकच कोठार केलं. एक आज्ञा दिली की सिस्टीम, प्रोग्राम, फाँट सगळ्याची दुरुस्ती एकाच टोपलीत. आज फोनवर आपण ‘सगळे ॲप अपडेट करा’ म्हणून एक बोट लावतो, ती रीत लिनक्सवाल्यांच्या अंगणात आधी रुजलेली. शिवाय लिनक्समध्ये चालू प्रोग्रामची जुनी फाईल त्याच्यापुरती राहू देऊन नवी तिच्या जागी ठेवता येते. त्यामुळं गॅस बंद न करता बरीच कढई बदलते. गाभाच बदलला तर मात्र तिथंही पुन्हा सुरू करावं लागतं.

ह्या मोकळेपणाचा तोटाही भाच्याने लपवला नाही. “आमच्याकडं जबरदस्ती कुणी करत नाही, मावशी. त्यामुळं आळशी माणूस वर्षभर हातच लावत नाही.”

हे सगळं माझ्या पावत्यांवर कसं उमटलं ते सांगते. १५ जुलै २०१० ला सरकारने रुपयाचं नवं चिन्ह स्वीकारलं. त्याच ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये गेलं. त्या महिन्याच्या १० तारखेला निघालेल्या उबुंटू ह्या लिनक्सच्या फाँटमध्ये ते आलंसुद्धा. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये व्हिस्टा आणि विंडोज ७ साठी अपडेटमधून पाठवलं. एक्सपी त्या यादीत नव्हती. आमच्या खजिनदार काकूंच्या घरी एक्सपी. माझ्याकडून ‘₹५०१’ म्हणून पाठवलेली देणगीची नोंद त्यांच्या पडद्यावर ‘चौकोन ५०१’ दिसायची. “हा चौकोन कुणी दिला गं?” असं त्यांनी फोनवर विचारलेलं मला अजून आठवतं. ‘ॲ’चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, म्हणून जुन्या संगणकावर मराठीतला ‘ॲ’सुद्धा चौकोन. अपडेट म्हणजे नुसतं चोराला अडवणारं कुलूप नव्हे. आपली भाषा संगणकात पूर्ण उमटायची असेल तर तीही ह्याच वाटेने घरात येते.

आता ज्या वर्षी आमचं कपाट लुटलं गेलं त्या वर्षाकडं येते. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीचा व्हायरस सुटला. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत रोग्यांना परत पाठवायची वेळ आली. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिलेली होती, बरोबर ५९ दिवस आधी. आधार कधीच संपलेल्या एक्सपीलाही त्या वेळी त्यांनी नियम मोडून दुरुस्ती दिली. आमच्या मंडळात आलेला व्हायरस तोच होता की त्याचा भाऊबंद, हे महत्त्वाचं नाही. उघडं दार आमचंच होतं.

पण मी आंधळी अपडेटवाली झाले असंही नाही. १९ जुलै २०२४ ला उलटंच घडलं. क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीने आपल्या प्रोग्रामचं एक सदोष अपडेट पाठवलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मॅक आणि लिनक्सवाले त्या दिवशी वाचले. औषधाने बाधा झाली म्हणून कुणी औषधच सोडत नाही. मात्र घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी नवं औषध देऊ नये, एवढं त्यातून शिकावं.

आणि आता आपल्या हातातल्या फोनबद्दल, कारण खरी काळजी तिथंच आहे. आयफोनचं अपडेट थेट ॲपलकडून येतं आणि बरीच वर्षं येतं. अँड्रॉइडचं गूगलकडून निघून चिप बनवणाऱ्याकडं, तिथून फोन कंपनीकडं आणि मग कधीतरी आपल्याकडं येतं. २०१५ मध्ये गूगलने दरमहा दुरुस्त्या काढायला सुरुवात केली, २०१७ पासून ही वाट थोडी सोपी केली. तरी स्वस्त फोनला दोन-तीन वर्षांनी काही येईनासं होतं.

आता घराघरातली रीत आठवा. नवा फोन मुलाला. मुलाचा जुना त्याच्या वडिलांना. वडिलांचा त्याहून जुना आईला. “तुला काय, फोन आणि व्हॉट्सॲपच तर लागतं!” पण त्याच फोनवर आता तिचं बँकेचं खातं आहे, बचत गटाचे पैसे आहेत, आधारचा ओटीपी येतो. म्हणजे घरातलं सगळ्यात कच्चं दार नेमकं बाईच्या हातात दिलेलं असतं आणि पैसे गेले की ‘तुला कळत नाही’ हा शिक्काही तिच्याच कपाळी. फोन हातात घ्या. सेटिंगमध्ये जाऊन शेवटची सुरक्षा दुरुस्ती कुठल्या तारखेची आहे तेवढं बघा. वर्षापूर्वीची असेल आणि नवी मिळतच नसेल, तर त्या फोनवरून बँकेचा व्यवहार करू नका. आणि पुढच्या खेपेला घरात ठामपणे सांगा, जुना फोन मला नको.

आमच्या त्या ४३ आठवणींचं काय झालं? एकीने वाचायला म्हणून छापून घेतलेले कागद ट्रंकेत सापडले, २६ बायकांचे. सहाजणी हयात होत्या, त्यांच्याकडं पुन्हा जाऊन बसलो. उरलेल्या अकरा गेल्या त्या गेल्याच. त्यातल्या एकीने सांगितलं होतं की ती चुलीच्या कोळशाने भिंतीवर अक्षरं गिरवून शिकली. तिचे शब्द माझ्याकडं नाहीत. मला आठवतंय तेवढंच आहे.

श्रुतपंचमीला आमच्या बस्तीत जुने ग्रंथ बाहेर काढतात, धूळ झटकतात, नवं वेष्टन घालतात. लहानपणी मला वाटायचं, हे तर नीट ठेवलेलंच आहे, दर वर्षी कशाला उघडायचं? आज कळतं. उघडून बघितलं नाही की वाळवी लागते. ती कुणाला विचारून लागत नाही.

परवा लिहीत असताना पुन्हा ती चौकट आली. लिहिलेलं साठवलं, पेन ड्राइव्हवर एक प्रत काढली, आणि ‘आता’ दाबून चहा ठेवायला गेले.